नाव माझं सांगा

आमच्या गावात काही वर्षं अशी गेली की कोणत्या घरात पहिली भाकर कोणी खायची, दुपारी कोणी आडवं व्हायचं आणि हापशावरनं पाणी कोणी आणायचं, हे सगळं एक बाई ठरवायची. बाई आमच्या गावची नव्हती, कुणाची सोयरी नव्हती, निवडून तर मुळीच आलेली नव्हती. आरोग्य खात्याची नर्स होती. तोंडावर आम्ही तिला शिष्टर म्हणायचो. पाठ वळली की आणखी बरंच काही म्हणायचो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यात जास्त मी म्हणायचो, आणि मला तसा हक्कच होता. गावातली पिठाची गिरणी माझी. गिरणीपुढं फरशीचा ओटा, ओट्यावर लिंबाची सावली. एका सकाळी त्या ओट्याला एक स्कूटी येऊन टेकली. पुढं पाय ठेवायच्या जागी लसींचा निळा डबा, मागं दोन पिशव्या, आणि मधे ही. ठेंगणी, अंगानं भरलेली, साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, मनगटावर गड्यामाणसाचं घड्याळ आणि तेही उलटं बांधलेलं, काटे आतल्या बाजूला.

"ओ गिरणीवाले, ही सावली तुमची का लिंबाची?"

"लिंबाची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग लिंबाची काई तकरार दिसत न्हाई," ती म्हणाली आणि बसली. ती जी बसली ती बसलीच.

तिला बसायला जागा नव्हती असं समजू नका. गावाबाहेर नाल्यापलीकडं तिचं उपकेंद्र होतं. चांगली इमारत, दारात दोन अशोकाची झाडं. लसीच्या दिवशी ती तिथंच असायची, बाळंतपणंही तिथं करायची. पण घरोघरी फिरून झालं की स्वारी माझ्या ओट्यावर. मी म्हणायचो, "शिष्टर, सरकारनं तुमाला एवढी बिल्डिंग देली, तिथं बसा की." ती म्हणायची, "बिल्डिंगीत कोन येतंय? आजारी मानूस. मला चालत्याबोलत्या बाया पाहिजेत."

घरात शिरायची तिची रीत वेगळीच. सासू म्हणायची, या शिष्टर, चहा टाकते. ही म्हणायची, "चहा नको, सून दाखवा." सासवांना हे वाक्य लय झोंबायचं. आमची मंडळी तर म्हणायची की ही बाई तपासायला येती का सोयरीक बघायला येती, तेच कळत न्हाई.

एवढी तोंडाळ बाई, पण भ्यायची म्हशीला. रस्त्यात म्हैस दिसली की स्कूटी जागच्या जागी बंद करून उभी राहायची आणि ओरडायची, "कुनाची हाय ही? घ्या तिला! घ्या म्हनते ना!" म्हैस बिचारी रवंथ करत उभी. मी एकदा म्हणालो, "शिष्टर, एवढ्या लोकास्नी सुया टोचता, मग म्हशीला काय भेता?" तर म्हणाली, "मानसाला टोचायची जागा ठरलेली हाय. म्हशीला कुठं टोचू?"

म्हशीनंतर ती ज्याच्यापुढं मान खाली घालायची असा एकच माणूस होता, तिचा मुलगा. नवरा लवकर गेला, हिनं एकटीनं पोराला वाढवलं, शिकवलं. पोरगा पुण्याला चांगल्या नोकरीत लागला, लग्न झालं, लेकरूही झालं. त्याचा फोन आला की हिचा आवाज एकदम बारीक व्हायचा. "हो बाळा. बरं बाळा. तू म्हनशील तसं बाळा." तो काय म्हणायचा ते आम्हाला पाठ झालं होतं: आई, आता पुरे, आता पुण्याला ये. हो बाळा म्हणून फोन ठेवायची आणि लगेच समोर जो असेल त्याच्यावर खेकसायची. बहुतेक मीच समोर असायचो.

आता तिचे हुकूम ऐका. वाण्याच्या सुनेनं दर बुधवारी दुपारी आपल्या आईला फोन लावायचा, आणि बोलणं चालू असताना घरात दुसरं कुणी थांबायचं नाही, नाहीतर बीपी वाढतं. पाटलांच्या धाकट्या सुनेनं पहिली गरम भाकर स्वतः खायची, कारण गरम भाकरीत लोह असतं आणि भाकर निवली की ते वाफेबरोबर उडून जातं. शेळ्या राखणाऱ्या एका गड्यानं बायको बाळंत होईस्तोवर हापशावरनं पाणी स्वतः आणायचं आणि घागर उजव्याच खांद्यावर घ्यायची. उजव्याच का, हे त्यानंही विचारलं नाही, तो उजव्या खांद्यावर घागर घेऊन गावभर मिरवला. एका नव्या बापाला तर तिनं वाकळ घेऊन माळवदावर झोपायला पाठवलं. "दुसरा पाळणा लांब हाय, तवर चांदन्या मोज," म्हणाली. चांदण्या मोजून मोजून तो बिचारा वाळून गेला.

बरं, औषध म्हणावं तर सगळ्यांना एक असावं ना? इथं घरागणिक निराळं. संध्याकाळी पारावर माणसं बसली की एकेकाच्या घरचा हुकूम निघायचा आणि हसून हसून पोट दुखायचं. शेवटी सगळ्यांचं एकमत व्हायचं की बाई कामाला चांगली आहे, टोचणं दुखत नाही, पण डोक्यानं थोडी सरकलेली आहे. तरी हुकूम मोडायची हिंमत कुणाची व्हायची नाही. लेकराच्या बाबतीत जोखीम कशाला घ्या, असं म्हणून सासवा दात-ओठ खात ऐकायच्या.

आणि हुकूम दिला की शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असायचं. "नाव माझं सांगा. सासू वरडली तर नाव माझं सांगा, नवरा चिडला तर नाव माझं सांगा. शिव्या द्यायच्या त्या बी माझ्या नावानं द्या. मला उचक्या लागत्याल, तेवढीच तुमची आठवन."

ती आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दळण संपलं म्हणून मी बटण बंद केलं. ओट्यावर ती आणि एक पोरगेलीशी बाई बसलेली.

"गिरणीवाले, बंद कामून केली?"

"दळन संपलं."

"लावा."

"काय लावा? दळू काय, तुमचं डोस्कं?"

"काय बी दळा. लावा म्हनते ना!"

रिकामी गिरणी फिरवणं काय असतं ते ज्याची गिरणी आहे त्यालाच कळतं. मधे दाणा नसला की दगडावर दगड घासतो, छिन्नीनं टाकी लावून खरबरीत केलेला दगड गुळगुळीत होऊन बसतो. आमची आई तर रिकामं जातंसुद्धा फिरवू द्यायची नाही, घराला बरं नसतं म्हणायची. हे सगळं मी शिष्टरला उभ्या उभ्या सुनावलं. तिनं शेंगदाणा तोंडात टाकला. "मग मूठभर जवारी टाका. भांडायलाव काय?" मी मूठभर ज्वारी टाकली. ती दळून झाली तर तेच पीठ पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. शेवटी जे निघालं ते तोंडाला लावायच्या पावडरीसारखं होतं, त्याची भाकर कुठली व्हायला.

मग हे रोजचंच झालं. ती ओट्यावरनं हवेत बोट गोल फिरवायची, की मी गिरणी लावायची. त्या दोघी कानाला तोंड लावून बोलायच्या, मला नुसती तोंडं हलताना दिसायची. मी एकदा चिडून विचारलं, "शिष्टर, तुमाला बायाशी बोलायला त्यांची घरं हायत की." तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली. "घरी मी सुनेला इचारते, भूक लागती का? सासू म्हनती, लय लागती. मी सुनेला इचारते, झोप येती का? सासू म्हनती, दिस वर आल्याबिगर उठत न्हाई. नाडी तेवढी सुनेची लागती, बाकी समदं सासूच सांगती." मग माझ्या गिरणीकडं हात करून म्हणाली, "सून एकली घराभाईर पडती ती हितं. डबा घेऊन येती, दळन होईस्तोवर बसती. आन् तुमच्या ह्या धडधडीत भिताडाला बी काई ऐकू येत न्हाई." गिरणीत आयुष्य गेलं माझं, पण ह्या गोष्टीकडं मी असं कधी बघितलं नव्हतं.

पण आमच्याकडं लाईटचा काय भरवसा? एका दुपारी गिरणी जोरात चाललेली, ओट्यावर शिष्टर आणि एक दोन जिवाची पोर. आवाजात ऐकू जावं म्हणून पोर बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होती, आणि तेवढ्यात लाईट गेली. गिरणी गप्प झाली आणि साऱ्या गल्लीत एकच वाक्य घुमलं, "आन् सासूबाई रोज पाय चेपून घेत्यात ओ, माझी झोपच होत न्हाई!"

सासूबाई समोर. डबा घेऊन नुकत्याच आलेल्या. पोरीचा चेहरा पीठ झाला. माझा हात बटणावर तसाच.

शिष्टर एका क्षणात उठली. "झोप व्हायची न्हाई, म्हंजे न्हाईच व्हायची माझी! सासू होती का कोन होती! जिती होती तवर पाय चेपून घेतले माज्याकून!"

"कुनाची सासू?" सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"माझी ओ, माझी! ही पोर बिचारी मी सांगितलेलं परत म्हनून बघायली, मला ऐकू कमी येतंय म्हून. आन् मावशी, बरं झालं भेटलात. दोन जिवाच्या बाईनं कुनाचे पाय चेपायचे न्हाईत बरं का. पोटातल्या लेकराच्या हाताला मुंग्या येत्यात."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ज्वारीकडं बघितलं. त्या घरातलं पाय चेपणं त्या दिवशी बंद झालं, आणि मला शिष्टरच्या डावाचा थोडा थोडा वास लागायला लागला. पण माणूस दुसऱ्याच्या घरचं लवकर ओळखतो, आपल्या घरचं ओळखायला वेळ लागतो.

माझ्याही घरात सून आली होती. पोरगं आमचं ट्रॅक्टर चालवतं, बोलायला कमी. सून त्याहून कमी. हो मामा, आणते मामा, यापलीकडं शब्द नाही. तिचं माहेर चुडाव्याच्या पुढं, तेही गावात नाही, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर. काळी जमीन. भादव्यात त्या वाटेनं बैलसुद्धा पाय उचलायला नको म्हणतो. तिला दिवस गेले, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. तिकडं व्याहीणबाई डिंक-खारीक जमवून लेकीची वाट बघत होत्या.

त्याच दिवसांत सुनेच्या पायावर सूज आली. शिष्टरनं तिला ओट्यावर बसवून दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा बघितला. शेंगदाणे चघळायची थांबली. मग माझ्याकडं बघून हवेत बोट गोल फिरवलं.

माझा हात बटणाजवळ अडला. माझी गिरणी, माझी सून, आणि बोलणं माझ्यापासूनच लपवायचं? राग आला मला. खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. काय कमी केलं होतं ह्या पोरीला आम्ही? पण शिष्टरचं बोट थांबेना. मी मूठभर ज्वारी टाकली आणि गिरणी लावली. जी पोर आमच्या घरात तोंड उघडत नव्हती ती बोलत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा बोलत होती. मी आपला ज्वारी दळत राहिलो.

पुढच्या आठवड्यात व्याहीणबाई आणि सुनेचा भाऊ जीप घेऊन न्यायला आले. ओटी भरून झाली, पिशवी दारात आली, आणि शिष्टरनं स्कूटी आणून आमच्या दारात आडवी लावली.

"ही पोरगी कुठं जायची न्हाई."

आमच्या मंडळीनं पदर खोचला. "कामून न्हाई जायची? पैलं बाळंतपन हाय. रीत हाय."

"ही माझ्या हद्दीतली केस हाय. बीपी वर गेलेलं हाय. दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन काई झालं तर सायब मला धरत्याल. माझी नोकरी जाईल."

"तुमच्या नोकरीपाई आमी रीत मोडायची?"

"मोडा."

व्याहीणबाईंनी रडायलाच सुरुवात केली. "नर्सबाई, आईचं काळीज हाय का न्हाई तुमाला?"

"न्हाई," शिष्टर म्हणाली. "नोकरीला लागले तवाच खात्यात जमा केलं."

काय काय बोलले सगळे तिला! सुनेचा भाऊ बोलला, शेजारचे बोलले, आमच्या मंडळीनं तर तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली. आणि सून? सून हुंदके देऊन म्हणत होती, "शिष्टर, जाऊ द्या ना मला आईसंगं. आई नाराज व्हायली."

"गप बस! तुला कुनी इचारलं?" शिष्टर तिच्यावर खेकसली.

मी बाजूला उभा होतो म्हणून मला दिसलं. सून जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत होती आणि तिची मूठ शिष्टरच्या पदरात होती. मागच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशी. जत्रेत लेकरू आईचा पदर धरतं तशी तिनं ती घट्ट आवळली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पोरीलाच जायचं नव्हतं. पायाला सूज, बीपी चढलेलं, त्या चिखलात अडकले तर आपलं काय होईल ह्या भीतीनं ती अर्धी झाली होती. पण हे आईला कोणत्या तोंडानं सांगणार? आई म्हणणार, माहेर नको झालं का तुला? सासरचे म्हणणार, बघा, पहिल्याच खेपेला रीत मोडायला निघाली. म्हणून ते वाईटपण शिष्टरनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. साहेब-बिहेब, नोकरी-बिकरी सगळी थाप होती, खरं होतं ते फक्त बीपी.

"मग मीच ऱ्हाते हितं लेकीपाशी," व्याहीणबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. "पर कशी ऱ्हाऊ? लेकीला लेकरू झाल्याबिगर लेकीच्या घरचं पानी बी चालत न्हाई."

ही पण रीतच. शिष्टरच्या पोतडीत ह्याचं औषध नव्हतं. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "गिरणीमागं खोली हाय. पोती ठिवायची. तिला काय कोनी घर म्हनत न्हाई."

शिष्टरनं माझ्याकडं असं बघितलं की मला कोट घालून नोकरीवर घ्यावं असं तिच्या मनात आलं असावं. "बास! माहेर हितं आलं," ती म्हणाली. "आता मला शिव्या देऊन झाल्या असत्याल तर सामान उतरवा."

अशी माझी गिरणी माझ्या सुनेचं माहेर झाली. व्याहीणबाईंनी पोत्याच्या खोलीत चूल मांडली, स्वतःची ज्वारी आणली, हापशावरनं स्वतःची घागर भरली. आमच्या घरचा चहा गल्ली ओलांडून गेला तरी त्या हात लावायच्या नाहीत. सून रोज सकाळी सासूच्या पाया पडून माहेरी जायची, गल्लीच्या पलीकडं. संध्याकाळी आईच्या गळ्यात पडून, डोळे पुसत सासरी यायची. गाव बघायला जमायचं. आणि येणारा-जाणारा शिष्टरच्या नावानं बोटं मोडायचा, नोकरीसाठी लेकीला माहेरापासनं तोडली म्हणून. ती ओट्यावर बसून शेंगदाणे खायची.

भादव्यात एका सकाळी सुनेचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यापुढं काजवे यायला लागले. शिष्टरनं पट्टा बांधला आणि लगेच दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी आली. "झटका यायची चिन्नं हायत, टाईम घालवायचा न्हाई," एवढंच ती मला म्हणाली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. मागोमाग आम्ही परभणीला मोठ्या दवाखान्यात पोचलो. दुपारी नात झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्याच दिवशी आखाड्याची वाट पाण्याखाली गेली होती. सुनेच्या भावाला भाची बघायला यायलाही जमलं नाही, पाणी ओसरेस्तोवर तिकडंच अडकून पडला. व्याहीणबाईंनी हे ऐकलं. संध्याकाळी शिष्टर दिसली तेव्हा तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. बारशाला त्यांनी पहिल्यांदा आमच्या घरचा चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणाल्या.

मी शिष्टरला एकटी गाठून विचारलं, "सुनेनंच सांगितलं व्हतं ना तुमाला, जायचं न्हाई म्हून?"

"गिरणीच्या आवाजात मला काय ऐकू येतंय?" ती म्हणाली.

मग मला तिचा एकेक हुकूम आठवायला लागला. वाण्याच्या सुनेला आईशी बोलायचं होतं, कुणी कान न लावता. पाटलांच्या धाकटीला पोटात लेकरू असून शेवटची गार भाकर मिळत होती. ती माळवदावरची गोष्ट तर त्याच्या बायकोनं कशी सांगितली असेल देव जाणे. गावातली एकही गोष्ट त्या बाईनं स्वतःच्या मनानं ठरवली नव्हती. ज्या बाईला जे हवं होतं आणि तोंडानं मागता येत नव्हतं, तेच तिनं हुकूम म्हणून काढलं होतं. आम्ही पारावर बसून हसायचो त्या सगळ्या आमच्या लेकी-सुनांच्या मागण्या होत्या. हे मी पारावर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळे हुकूम बंद पडले असते.

नात ओट्यावर धावायला लागली, आणि शिष्टरच्या नोकरीचे दिवस भरले. गाव तिला नारळ-शाल देणार होतं. मुलगा तिला कायमची न्यायला पुण्याहून येणार होता, मानवतला ती भाड्यानं राहायची ती खोली रिकामी व्हायची होती. आदल्या दिवशी ती आली आणि ओट्यावर नुसती बसली. शेंगदाणे नाहीत, ओरडणं नाही. समोरून म्हैस गेली तरी हलली नाही.

माझी सून घरातनं बाहेर आली, पोर माझ्या मांडीवर दिली, स्वतः गिरणीत शिरली, मूठभर ज्वारी टाकली आणि बटण दाबलं. मग जाऊन शिष्टरच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत त्या ओट्यावर शिष्टर ऐकायची आणि दुसरी बोलायची. त्या दिवशी शिष्टर बोलत होती आणि माझी सून मान हलवत होती.

"काय म्हनल्या गं?" मी नंतर विचारलं.

"गिरणीच्या आवाजात मला काय ऐकू येतंय मामा?" सून म्हणाली. कुणाची शिष्या, दुसरं काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ओट्यावरच झाला. ज्या सासवांनी तिला जन्मभर शिव्या घातल्या त्याच सगळ्यात जास्त रडत होत्या. मुलगा आला होता. चांगला पोरगा, उगा नाव का ठेवा. आईनं लय सोसलं, आता तिनं बसून खावं, एवढंच त्याच्या मनात. गाडीमागं टेंपो उभा, त्यात तिचं कपाट, तिची चूल, तिचा पलंग. "आई, चल, उशीर होतोय."

"हो बाळा." तोच बारीक आवाज. "जाते बरं समदे. माझा बाळ न्यायला आलाय. मला काय कमी हाय तिथं? अकराव्या मजल्यावर घर हाय, लिप हाय, नातू हाय." एका हातानं सगळ्यांचा निरोप घेत होती. दुसरा हात कुठं आहे म्हणून मी बघितलं.

दुसऱ्या हाताची मूठ माझ्या सुनेच्या पदरात होती. मागच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशी.

साऱ्या गावाला तिनं स्वतःचं नाव वापरायला दिलं होतं. तिला वापरायला कुणाचं नाव नव्हतं. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की माझा आवाज चढतो.

"ही बाई कुठं जायची न्हाई!"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे काय काका?"

"माझ्या हद्दीतली केस हाय."

"तुमची कसली हद्द?"

"ओट्यापस्तोर. मला बीपी हाय. दुसऱ्या कुनी पट्टा बांधला की काटा चढतो, हिच्याच हातानं उतरतो. मी मेलो तर गावाचं दळन कोन दळंल? गिरणीमागं खोली रिकामी हाय. टेंपो तिकडं घ्या!"

"तुमाला कवापासून बीपी?" आमची मंडळी म्हणाली.

"आत्तापासून!"

"गिरणीवाले, लाज वाटती का?" शिष्टर माझ्यावर तुटून पडली. "माझ्या बाळाला असं बोलता? मी जानार म्हंजे जानार!" आणि सुनेच्या पदरातली मूठ आणखी आवळली.

मी तिच्याजवळ गेलो. दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "शिष्टर, नाव माझं सांगा."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यात पाणी मी तेव्हाच बघितलं. मग वळून मुलाला म्हणाली, "बाळा, मी तर कवाच तयार हाय रे. काय करू, हा मानूस सोडीना."

आता दिवाळीला ती पुण्याला जाते, नातवाला भेटते आणि भाऊबीज झाली की येते. मुलाचा फोन मला येतो. शिकलेला आहे, शिव्या देत नाही, पण "काका, तुम्ही जरा अतीच करता, आईच्या वयाचा तरी विचार करा" असं बरंच काही सुनावतो. मी ऐकून घेतो. त्याच्या लेखी पुण्यापर्यंत माझ्यासारखा हेकट म्हातारा नाही.

परवाही तो असाच बोलत होता. ओट्यावर शिष्टर बसलेली, शेजारी कुणाची तरी नवी सून, डबा मांडीवर, मान खाली. शिष्टरनं माझ्याकडं बघून हवेत बोट गोल फिरवलं. मी फोन कानाला तसाच धरून मूठभर ज्वारी टाकली आणि बटण दाबलं.

"काका, हा आवाज कसला? काही ऐकू येत नाही."

"दळन लय हाय बाळा," मी ओरडलो. "मागनं बोलू."